पहारेकऱ्याची नात

दगडफूल वर्षाला फार तर तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतकं पसरतं. आमच्या बुराय गावच्या दफनभूमीत ते जिथे तिथे आहे. कुठे राखाडी, कुठे फिकट हिरवं, समुद्राच्या बाजूच्या दगडांवर हळदीसारखं पिवळं. चट्टा जितका रुंद तितकी कबर जुनी, असा ढोबळ हिशेब त्यावरून मांडता येतो. नूमेआच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवते आणि मुलांकडून हा हिशेब करून घेते. त्या हिशेबाने बार्तेलमी रुस्ताँची कबर गेल्या वर्षी बांधलेली ठरली असती. तिच्यावर दगडफुलाचा ठिपकासुद्धा नव्हता. प्रत्यक्षात ती एकोणीसशे दोन सालची होती.

ती कबर आम्ही घासायचो, म्हणून ती तशी होती. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, मृतांच्या सणाला, सगळा गाव बादल्या, ब्रश आणि चुना घेऊन दफनभूमीत जमतो. घरोघरच्या कबरी धुवून पांढऱ्या करतात, फुलं ठेवतात, आणि दुसऱ्यांच्या कबरींवर कुणी काय ठेवलं हेही नीट पाहून घेतात. आमची आजी नोएमी ही रुस्ताँची कबर घासायची. तिच्यामागे माझी आई क्लेमाँस घासू लागली. मला ब्रश धरता येऊ लागला तेव्हापासून मीही. आजीने त्या दगडावर चिनी मातीची एक अंडाकृती पाटी बसवून घेतली होती. कडेने जांभळी फुलं आणि मध्ये अक्षरं: ‘आमच्या वडिलांना आणि आजोबांना’.

रुस्ताँ आमचा कोणी लागत नव्हता.

तो सरकारी पहारेकरी होता. फ्रान्सहून जहाजं भरभरून कैदी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या या बेटावर आणले जात, त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांपैकी एक. आल्यावर चार वर्षांत विषमज्वराने गेला. आजीचा खरा बाप मात्युराँ केर्व्हेला हा त्या कैद्यांपैकी एक. ब्रिटनीत त्याने मालकाच्या गवताच्या गंजीला आग लावली आणि तो काळ्या पाण्यावर आला. शिक्षा संपल्यावर सरकारने दिलेल्या तुकड्यावर त्याने कॉफी लावली. परत जायला त्याला मुभा नव्हती. आजीचं लग्न स्वखुशीने इथे आलेल्या वसाहतवाल्यांच्या घरात ठरलं तेव्हा तिने सांगितलं, की मात्युराँ हा माझा सावत्र बाप. खरा बाप पहारेकरी रुस्ताँ, मी दोन वर्षांची असताना वारला. रुस्ताँला इथे विचारणारं कोणी नव्हतं. सासरच्यांनी मान डोलावली. मात्युराँ त्या लग्नात मागच्या बाकावर बसला आणि सावत्र बापासारखा वागला. पुढे दहा वर्षं जगला तेही तसाच.

गावात हे नवं नव्हतं. फेर्नाँमामा, आईचा धाकटा भाऊ, गुरं पाळायचा आणि चारचौघांत जीभ आवरायचा, पण घरात म्हणायचा, “या गावात ज्याला विचारावं त्याचा आजा पहारेकरी! एवढे सगळे पहारेकरी होते, तर ते पहारा कुणावर देत होते? एकमेकांवर?”

“हळू बोल,” आई म्हणायची. “शेजारी ओर्ताँसची खिडकी उघडी आहे.”

मात्युराँ दफनभूमीच्या मागच्या कुंपणापाशी, एका नियाउलीच्या झाडाखाली पुरलेला होता. नाव नाही, क्रूस नाही. भोवताली कोणी तरी शिंपले उलटे रोवले होते, तेवढीच खूण. सणाच्या दिवशी रुस्ताँची कबर उरकली, की परतताना मामा गाडी त्या कुंपणाशी थांबवून बॉनेट उघडायचा. इंजिनात पाणी घालायचं निमित्त. आई पाय मोकळे करायला म्हणून उतरायची आणि बादलीत उरलेली फुलं त्या शिंपल्यांत ठेवून यायची. गाडी सुरू करताना मामा विचारायचा, “ताई, एखादा क्रूस तरी? नावासकट?” आई समोर बघत म्हणायची, “पुढच्या वर्षी बघू.” हे संभाषण मी इतक्या वेळा ऐकलं होतं, की मामाने तोंड उघडण्याआधीच मला उत्तर ऐकू यायचं. मीही कधी मध्ये पडले नाही. मागच्या सीटवर बसून नखांतला चुना काढत राहायचे.

एकोणऐंशीच्या सणाला आई गुडघे टेकून पाटी पुसत असताना एक अनोळखी माणूस आमच्यापाशी येऊन थांबला. पन्नाशी ओलांडलेला, अंगात जाड कोट. त्या उन्हात असा कोट फक्त नुकताच विमानातून उतरलेला माणूस घालतो. त्याच्या हातात एक फोटो होता. तो फोटोकडे पाही, पुन्हा दगडाकडे पाही.

“माफ करा, बाई,” तो म्हणाला, “बार्तेलमी रुस्ताँची कबर हीच ना?”

“हो. माझे आजोबा,” आई म्हणाली. वर न बघता, सवयीने. बाकीचे लोक गुडघे झटकतात तसं.

तो शेजारच्या कबरीच्या कडेवर बसला.

“मग आपण भावंडं लागतो,” तो म्हणाला. “ते माझेही आजोबा. मी गास्पार आँबेर. तुलाँहून आलोय.”

आईच्या हातातला ब्रश बादलीत पडला. मामाने टोपी काढली आणि पुन्हा घातली. भोवतालच्या कबरींवरचे ब्रश मंदावले. पलीकडच्या रांगेत ओर्ताँसबाई फुलदाणी उगाचच फिरवत राहिल्या. आँबेरने फोटो आईपुढे धरला. कबर, आमची फुलं, आमची पाटी. तुलाँमधल्या एका शेजाऱ्याचा मुलगा इथे लष्करी नोकरीवर होता. आँबेरच्या आईने त्याच्याकडे वडिलांची कबर शोधण्याची विनंती केली होती. त्याने शोधून फोटो पाठवला. ती म्हातारी, आपोलोनी तिचं नाव, रुस्ताँची एकुलती एक मुलगी. निदान तिला तसं वाटत होतं.

“जेवायला या आमच्याकडे,” आई म्हणाली. आमच्या गावच्या बाईच्या तोंडून अशा वेळी जे निघतं, तेच निघालं.

त्या दिवशी गाडी मागच्या कुंपणाशी थांबली नाही. पाहुणा पुढे मामाच्या शेजारी बसला होता. मी मागे, बादली पायांत धरून. कुंपण मागे पडलं तेव्हा आईने मान वळवून दुसरीकडे पाहिलं. बादलीतली फुलं घरी पोचेपर्यंत मलूल झाली होती. मी ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. कचऱ्यात टाकायचा धीर झाला नाही.

आई हरणाच्या रश्शाचं पातेलं चुलीवर ठेवून पाठमोरी उभी होती. बाहेर ओसरीत मामा पाहुण्याला आपल्या गुरांच्या तापाबद्दल सांगत होता, गरजेपेक्षा मोठ्याने.

“आई, त्यांना सांगायला हवं.”

“कोनफळं सोल.”

“आई.”

“काय सांगू? की तुमच्या आजोबांची कबर आम्ही चोरली? की आमच्या म्हातारीला आपला बाप दाखवायची लाज वाटली म्हणून तिने मेलेला एक माणूस उचलला?” तिने पळी पातेल्याच्या काठावर आपटली. “तो चार दिवसांनी विमानात बसेल. मला इथे राहायचंय. चर्चमध्ये वेदीची फुलं मी लावते, रेजीन. ते काम माझ्या हातून जायची ओर्ताँस वाटच बघत्येय.”

“ओर्ताँसबाईंच्या आजोबांचं तरी काय ठाऊक आहे आपल्याला?”

“तेच तर. तिचं कुणाला ठाऊक नाही.” तिने झाकण ठेवलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “सत्तावन्न वर्षं मी पहारेकऱ्याची नात आहे. आता या वयात दुसरी कोण होऊ?”

शाळेत मला कोणी विचारलं तर मीही रुस्ताँचंच नाव सांगत होते. मी कोनफळं सोलली.

जेवताना आँबेर मोकळेपणाने बोलत होता. गोदीत नकाशे काढण्याची नोकरी, आता निवृत्त. बोलका, बंदरातल्या माणसांसारखा हातवारे करणारा. दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेताना त्याने तो शब्द उच्चारला.

“मी लहानपणी ज्या धक्क्यावर गळ टाकून बसायचो ना, तिथेच जुनं बान्य होतं.”

आईच्या हातातला पाव मोडता मोडता थांबला. बान्य म्हणजे कैद्यांची वसाहत, काळं पाणी. हे बेट ज्या कामासाठी घेतलं ते काम. आमच्या घरात तो शब्द कोणी उच्चारत नसे. ‘तो काळ’ म्हणायचे, नाही तर ‘सरकारचं ते’. माझ्या वडिलांनी एकदा रागाच्या भरात तो शब्द वापरला होता, तेव्हा आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. हा माणूस मात्र तो शब्द मीठ मागावं तसा बोलला.

“तुम्हाला गंमत माहीत आहे का?” तो पुढे म्हणाला. “मूळ शब्द इटलीतला. अर्थ काय, तर स्नानगृह.”

“काय सांगता!” मामा म्हणाला.

“अगदी. तुर्कांच्या राजधानीत पकडून आणलेले गुलाम एका जुन्या स्नानगृहात कोंडत असत, असं म्हणतात. काही जण म्हणतात, तसं नव्हे, लिव्होर्नो बंदरातल्या गुलामांच्या कोठडीचं ते नाव; ती समुद्राच्या पातळीखाली होती, भिंती सदा पाझरायच्या. कुठलं खरं, देव जाणे. मग आमच्याकडे वल्ही मारणाऱ्या कैद्यांची जहाजं बंद झाली. एवढी माणसं ठेवायची कुठे? तर तुलाँच्या धक्क्यावर, किनाऱ्यालाच. त्या जागेलाही तेच नाव चिकटलं. पुढे ते तिथूनही हलवलं आणि समुद्रापलीकडे पाठवलं, तुमच्या इथे. शब्दही त्यांच्याबरोबर जहाजात बसून आला.”

“म्हणजे आमचा सगळा गाव न्हाणीघरातून बाहेर पडलेला म्हणायचा,” मामा म्हणाला. “आणि तरी बघा, मृतांच्या सणाला घासतोच आहोत.”

“फेर्नाँ!” आई म्हणाली.

आँबेर ओशाळला. “मला क्षमा करा, बाई. शब्द कानाला कडू आहे, खरं. पण तुम्हाला त्याचं काय? तुम्ही तर दरवाजाच्या बाहेरच्या बाजूची माणसं. तुमच्याकडे किल्ल्या होत्या.”

मामा खिडकीबाहेर बघू लागला. मी पाण्याचा जग उचलला. भरलेलाच होता, तरी आत नेऊन आणला.

कॉफी आली. आमच्याच झाडांची कॉफी. ती झाडं कुणी लावली हे आम्ही तिघंही जाणत होतो. आँबेरने तिची स्तुती केली आणि कपातच बघत राहिला.

“बाई,” तो म्हणाला, “मी खरं कशाला आलो ते सांगतो. मला राग नाही. पहिल्यांदा आला होता, आता नाही. माझी आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिचे वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती. इकडे यायला निघाले तेव्हा अवघी दोन. त्यांचा एक फोटो होता गणवेशातला, तो आयुष्यभर तिच्या पलंगासमोर लावलेला. आम्हा मुलांना ती म्हणायची, बाबा आमच्यासाठी पैसे साठवायला गेले होते, परत येणार होते. आजीने दुसरं लग्न केलं नाही, त्याच भरवशावर.”

आईने मांडीवरचा रुमाल घडी केला. पुन्हा उलगडला.

“मग हा फोटो आला. ‘आमच्या वडिलांना’. म्हणजे इथे आणखी कुणाचे तरी वडील होते. तिने काही आकांत केला नाही. गणवेशातला फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात पालथा ठेवला. आजीचं नाव काढणंही सोडलं. म्हणते, तिला मूर्ख बनवलं आणि मलाही.” “मी निघालो तेव्हा तिने एकच विचारून ये म्हणून सांगितलं. हसू नका. म्हणाली, त्या दुसऱ्या मुलीला ते कडेवर घेत होते का, एवढं विचार.”

कुणी हसलं नाही. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, तो कुणीतरी बंद केला. ओर्ताँसबाईंची खिडकी उघडी होती, हे मी बसल्या जागेवरून बघू शकत होते.

“घ्यायचे,” आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती टेबलाच्या लाकडाकडे बघत होती.

“कडेवर नाही, खांद्यावर. आई सांगायची. म्हणजे, तिची आई तिला सांगायची. कॉफी वेचायला जाताना खांद्यावर. नदीला पाणी चढलं, की डोक्यावर बसवून उतार ओलांडायचे आणि म्हणायचे, माझे कान धर, लगाम आहेत ते. केवड्याच्या पातीची टोपी विणली होती त्यांनी. मोठी झाली होती, डोळ्यांवर यायची, मग आत कापड घालून शिवून दिली.” तिचा आवाज मऊ होत गेला. टोपी आईची होती. मला मात्युराँच्या त्या टोपीबद्दल आईने एकदाच सांगितलं होतं, खूप वर्षांपूर्वी, दार लावून. “चालताना उजवा पाय जरा ओढायचे, त्यामुळे वर बसलं, की होडीत बसल्यासारखं...”

ती थांबली.

“पाय?” आँबेर म्हणाला. “पायाला काय झालं होतं?”

मामाने कप बशीवर ठेवला. वर्षानुवर्षं पायात साखळी असली, की ती काढल्यावरही पाय तिला विसरत नाही. आमच्या भागातल्या जुन्या माणसांना ती चाल लांबून ओळखू यायची. तुलाँच्या माणसालाही यायला हवी होती, पण तो आजोबा ऐकत होता, चाल नव्हे.

“घोड्यावरून पडले होते,” आई म्हणाली.

मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी उठले नाही. मला बोलता आलं असतं. तीन शब्द पुरले असते. मी टेबलक्लॉथवरचे पावाचे कण बोटाने एका जागी गोळा करत बसले. आईची लाज वाटली, आणि तिच्याआड बसलेल्या माझी त्याहून जास्त.

आँबेरचे डोळे ओले झाले होते. त्याने हात पुढे करून आईच्या हातावर ठेवला. तिच्या बोटांच्या भेगांत सकाळचा चुना अजून होता.

“उपकार झाले तुमचे,” तो म्हणाला. “मी तिला हे सगळं सांगेन. टोपीचंही. तिला दुःख होईल, पण एक उत्तर तरी मिळेल. माणूस वाईट नव्हता म्हणायचा. त्याला लेकरावर माया करता येत होती.” तो थोडा हसला. “फक्त तिच्यावर नाही केली, एवढंच.”

आईने हात काढून घेतला नाही. मग उठली. मला वाटलं, खिडकी लावायला उठली. खिडकीपाशी जाऊन ती उभी राहिली. पलीकडे ओर्ताँसबाई कपडे वाळत घालत होत्या, चिमटा हातात धरून थबकलेल्या. आईने कडीला हात लावला आणि तसाच खाली सोडला. तिने मान वळवली. बोलली ती आँबेरशी, पण चर्चमध्ये मागच्या बाकापर्यंत पोचावा अशा आवाजात.

“त्यांना असं सांगू नका,” ती म्हणाली. “तुमच्या आजोबांना इथे कोणी नव्हतं. बायको नाही, मूल नाही. ते तापात एकटे गेले, आणि परत येणार होते तर तुमच्याकडेच येणार होते. त्यांना आमच्या आईने आपलं म्हटलं, कारण तिला स्वतःच्या बापाची लाज वाटायची. मलाही वाटली. खांद्यावर बसले होते ती मी. टोपी माझी. तो पाय साखळीचा. मात्युराँ केर्व्हेला माझा आजोबा, आँबेरसाहेब, आणि तो बान्यमधला कैदी होता.”